सहा मिनिटांच्या अंतरावर

"सर, तुमची आई गेटवर आली आहे," असं माझ्या इमारतीच्या वॉचमनने, बिलाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात सँडटनमध्ये राहण्याचे फायदे लिहीत बसलो होतो आणि चौथ्या फायद्यापाशी अडकलो होतो. पहिले तीन सुचायला काही त्रास पडला नव्हता. ऑफिस घरापासून चालत सहा मिनिटांवर. खाली उतरलं की किराणा, जिम, बँक, दंतवैद्य. आणि साऱ्या जोहान्सबर्गची वीज गेली तरी आमच्या इमारतीत दिवा लुकलुकतसुद्धा नाही. आमची कंपनी फ्लॅट बांधते आणि विकते. हे पान नव्या माहितीपत्रकात जायचं होतं आणि ते मीच लिहावं असं डेलीनचं म्हणणं होतं, कारण आमच्या विभागात प्रत्यक्ष इथं राहणारा मी एकटाच. डेलीन माझी वरिष्ठ. ती समोरच बसली होती, कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून. फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायची मला सवय आहे, त्यामुळे वॉचमनचं वाक्य तिनेही ऐकलं आणि मान वर केली. माझी आई वारली तेव्हा तिने पांढरी फुलं पाठवली होती.

"माझी आई दोन वर्षांपूर्वी वारली," मी म्हणालो. इंग्रजीत. "काहीतरी गैरसमज झालाय. माझ्याकडे आज कुणी यायचं नाही."

 पलीकडून एक गाडी गेल्याचा आवाज आला. मग बिला म्हणाला, "ठीक आहे, सर," आणि फोन बंद झाला.

"काय एकेक लोक असतात!" डेलीन म्हणाली. "मेलेल्या आईचं नाव घेऊन आत शिरायचं? आता एवढंच राहिलं होतं. तू ठीक आहेस ना, मातोमे?" तिने हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. मी मान हलवली. माझा चेहरा उतरला असणार, आणि तो कशामुळे उतरला हे तिने आपल्या परीने ठरवून टाकलं. "आज राहू दे ते पान," ती म्हणाली. "घाई नाही." मी तिची सहानुभूती घेतली. नुसती घेतली नाही, "थँक्स" असंही म्हणालो.

मी खोटं बोलत नाही. हा माझा जुना गुण आहे आणि मला त्याचा अभिमानही होता. माझी आई वारली हे खरं आहे. त्या दिवशी मी कुणाची वाट पाहत नव्हतो हेही खरं आहे. ऑफिसात कुणी विचारलं, तू मूळचा कुठला, तर मी सांगतो, मी इथलाच, इथल्याच शाळेत शिकलो. तेही अक्षरशः खरं. ऐकणारा मग मनात एक बंगला उभा करतो, मागे पोहण्याचा तलाव, दारात दोन गाड्या. तो बंगला मी बांधलेला नसतो. मी फक्त तो पाडत नाही. त्या मंगळवारी फोनवर मी जे बोललो त्यात कुणीही येऊन एक शब्द खोटा काढून दाखवावा, मी न्यायाधीशासमोरसुद्धा उभा राहीन. फक्त एवढंच की, गेटवर कोण आलं आहे हे मला ‘आई’ हा शब्द ऐकताक्षणी कळलं होतं. एका श्वासाचाही वेळ लागला नव्हता.

आमच्या पेडी भाषेत आईच्या धाकट्या बहिणीला म्माने म्हणतात, म्हणजे धाकटी आई. आणि हाक मारायची वेळ आली की धाकटी-थोरली काही उरत नाही, नुसतं म्मा. तसं तर आमच्याकडे बसमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत भेटणाऱ्या कुठल्याही पोक्त बाईला म्माच म्हणतात. पण मोलाटेलोला, माझ्या आईच्या धाकट्या बहिणीला, म्मा म्हणणं म्हणजे वेगळं. मोलाटेलो या नावाचा अर्थच मागून आलेली. माझी आई मोखादी, थोरली. तिच्यामागून ही आली. कुणी विचारलं की तू मातोमेची कोण, तर ती सांगणार, आई. दुसरा शब्द तिच्या तोंडात येणारच नाही. तो काही मोठेपणा नव्हे आणि लबाडी तर नव्हेच. तिने बिलाला आपल्या भाषेत सरळ उत्तर दिलं असणार. बिलाने ते इंग्रजी करून माझ्या टेबलावर ठेवलं, आणि मी इंग्रजीचा फायदा घेतला. हाच खरं म्हणजे चौथा फायदा, पण तो माहितीपत्रकात कसा लिहिणार?

रोज दुपारी मी जेवायला घरी जातो. सकाळी डबा भरायला नको, बाहेरचं खायला नको. त्या मंगळवारी मी गेलो नाही. खालून सँडविच मागवलं आणि खिडकीकडे पाठ करून खाल्लं. ती अजून तिथं असेल अशी मला भीती होती. ती गेली असेल अशीही भीती होती, पण ही दुसरी भीती मला पुष्कळ उशिरा, जवळजवळ तीन वाजता वाटली. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बिलाची पाळी संपलेली होती. गेटच्या भिंतीशी सावलीत एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्या पायाशी पाण्याचा रिकामा ग्लास. मी अंगठा लावला, दार उघडलं, लिफ्टने चौदाव्या मजल्यावर गेलो आणि दिवा न लावता बसून राहिलो. तिला फोन करायला काय हरकत होती? फोन हातातच होता. काय बोलायचं, एवढाच प्रश्न होता. म्मा, आज तू आली होतीस का? हेही खोटं नव्हतं. नुसता प्रश्न होता. पण तो विचारायला माझी जीभ रेटेना.

मला आठवत होती ती दुसरीच एक खोली. इथून हाकेच्या अंतरावर, जिथं आता काचेची इमारत आहे आणि तळमजल्यावर गाड्यांचं शोरूम आहे, तिथं मिसेस व्हिटेकर नावाच्या बाईंचं बैठं घर होतं, आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोऱ्यांपलीकडे एक खोली होती. त्या खोलीत मोलाटेलो बावीस वर्षं राहिली. पलंगाचे पाय विटांवर उंच केलेले, पलंगाखाली सुटकेस, सुटकेसच्या बाजूला माझं अंथरुण. मी सात वर्षांचा असताना आईने मला उत्तरेकडून, गावाकडून, तिच्याकडे पाठवून दिलं. आई टोमॅटोच्या मळ्यावर कामाला होती आणि गावच्या शाळेत एका वर्गात सत्तर पोरं होती. "तुझी काय बाबा, चैन आहे," आई बसमध्ये चढवताना म्हणाली होती. "लोकांना एक आई असते. तुला एक मळ्यावर, एक शहरात." इथल्या शाळेत मात्र सहज घेत नसत. शाळेच्या हद्दीत आईबाप राहत असले किंवा कामाला असले, तरच मुलाचं नाव घ्यायचं, असा नियम होता. मोलाटेलोने मिसेस व्हिटेकरांकडून चिठ्ठी घेतली, चर्चचे कपडे घातले, माझ्या टाळूवर व्हॅसलिन चोळलं आणि मला हाताला धरून शाळेत नेलं. तिच्या हाताला खळीचा वास यायचा, कपड्यांना घालतात त्या खळीचा, आणि तळवा नेहमी किंचित ओला. चालत सहा मिनिटं. मला अंतर तेव्हापासून माहीत आहे.

शाळेच्या ऑफिसात जी बाई होती तिचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला होता. तिने चिठ्ठी वाचली, फॉर्म वाचला, मोलाटेलोकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू याची आई?" मोलाटेलो म्हणाली, हो. त्या बाईचा विश्वास बसला नाही. कागदांवर आडनावं जुळत नव्हती, बहुतेक तेच असावं. मग तिने टेबलावरून वाकून मला विचारलं, अगदी हळू, कुत्र्याच्या पिल्लाशी बोलावं तसं, "बाळ, ही तुझी आई का?" इंग्रजीत विचारलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘मदर’ हा शब्द येत होता. मी मोलाटेलोकडे पाहिलंसुद्धा नाही. "येस," म्हणालो. त्या शाळेत मी उच्चारलेला तो पहिला शब्द. आईच्या रकान्यात मोलाटेलोचं नाव लागलं आणि बारा वर्षं तेच राहिलं; प्रगतिपुस्तकावर तिची सही, पालकसभेला ती, एप्रन काढून घडी करून पिशवीत ठेवलेला आणि पिशवी मांडीवर. त्या एका शब्दावर मी आत गेलो. पुढचं सगळं, कॉलेज, नोकरी, चौदावा मजला, त्याच दारातून आलं. आणि पस्तीस वर्षांचा झाल्यावर तोच प्रश्न मला पुन्हा विचारला गेला, तर मी काय म्हणालो?

मिसेस व्हिटेकर मुलाकडे परदेशी निघून गेल्या, घर विकलं गेलं, पाडलं गेलं. मोलाटेलो अलेक्झांड्रात राहायला गेली, एका चाळवजा आवारातल्या एका खोलीत. अलेक्झांड्रा माझ्या खिडकीतून दिसतं. हमरस्त्याच्या पलीकडे पत्र्यांची छपरं उन्हात चमकतात. आमच्या माहितीपत्रकात त्याला ‘पूर्वेकडचा मोकळा देखावा’ असं म्हटलेलं आहे, आणि हे शब्दही माझेच. चालत तासभर. मी आठ महिने या फ्लॅटमध्ये राहतोय आणि तिला एकदाही बोलावलेलं नाही. आधी सामान लागलेलं नव्हतं. मग पडदे यायचे होते. मग पाहुण्यांसाठी आधी फोनवर पाच आकडी कोड मागवावा लागतो, तो तिला जमणार नाही, असं मी माझ्या मनाशी धरलं. जिने पेडीतून इंग्रजीत, इंग्रजीतून आफ्रिकान्समध्ये तीन पिढ्यांच्या मालकिणींशी व्यवहार केला, तिला पाच आकडे जमणार नाहीत!

बुधवार असाच गेला. गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजला. या वेळी मी तो स्पीकरवर घेतला नाही, उचलून कानाला लावला.

"सर, चौदाशे सात?" बिला आम्हाला फ्लॅटच्या नंबराने ओळखतो. "मागच्या गेटवर एक बाई आलीय. इस्त्रीसाठी. नाव मोलाटेलो. पाठवू?"

डेलीन दोन टेबलं सोडून कुणाशी तरी बोलत होती. मी म्हणालो, "हो. पाठवा."

एवढंच. फोन ठेवल्यावर मला कळलं की मंगळवारचं काहीच नव्हतं, मंगळवारी मी नुसता घाबरलो होतो. आज मी घाबरलेलो नव्हतो. आज माझ्या तोंडून ‘हो’ अगदी सहज, सुटकेचा श्वास टाकावा तसं निघालं. आई म्हणून आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही आणि मोलकरीण म्हणून आली तेव्हा लगेच ओळखलं. मला लाज वाटली, इतकी की कानांच्या पाळ्या तापल्या. डोकं दुखतंय असं सांगून मी निघालो. डोकं खरंच दुखत होतं.

ती चौदाव्या मजल्यावर दाराशी उभी होती, जुना निळा झगा घालून, डोक्याला फडकं बांधून, हातात कापडी पिशवी. मी कुलूप काढलं. ती आत आली, चपला काढल्या, आणि दाराजवळच उभी राहून सगळीकडे एकदा नजर फिरवली. नव्या मालकिणीच्या घरी पहिल्या दिवशी अशीच पाहत असेल, काय कुठं आहे ते.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "फरशी पुसायला सोपी आहे."

"म्मा, बस ना."

"बसते. आधी इस्त्री दे आणि शर्ट दे."

"कसले शर्ट?"

"तुझे. घालतोस ते."

"म्मा, इस्त्री नको. तू बस. मी चहा करतो."

"गेटवर मी काय सांगितलंय? इस्त्रीला आलेय. तो वहीत लिहून घेतो तिथं. आता इस्त्री न करता बाहेर पडले तर मी खोटी ठरेन. या वयात?" तिने पिशवीतून एप्रन काढला आणि गळ्यात अडकवला. "मंगळवारी म्हटलं, आई आहे. दार उघडलं नाही. आज म्हटलं, इस्त्रीला आलेय. लगेच वॉचमन म्हणाला, या या, मागच्या बाजूने या. मला आधी सांगायचंस की, इथं कुठला शब्द चालतो ते. एक फेरी वाचली असती."

आणि ती हसली. तिच्या हसण्यात टोचणी असती तर मला बरं वाटलं असतं. नव्हती. बाजारात दुकानदाराने फसवलं तर घरी येऊन ती अशीच हसत सांगायची. मी इस्त्री काढून दिली. तिने पाच शर्ट एकामागून एक पसरले, पाण्याचा हात मारला. गरम सुती कापडाचा वास सगळ्या खोलीभर पसरला आणि मी पलंगाखालच्या सुटकेसशेजारी जाऊन पोचलो. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. हा क्रम बदलायचा नाही. मी ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसलो होतो. माझ्याच घरात मला काय करावं ते कळत नव्हतं. फोनवर डेलीनचा निरोप आला, ‘चौथा फायदा सापडला का?’ मी फोन उलटा ठेवला.

"म्मा," मी म्हणालो, "मंगळवारी मी फोनवर..."

"ही कॉलर झिजलीय. उलटवून शिवून देते पुढच्या वेळी."

"म्मा, मला माहीत होतं तू आहेस ते."

तिचा हात थांबला नाही. वाफेचा फुसकारा झाला. "माहीत असणारच," ती म्हणाली. "दुसरी कोण येणार?" तिला रागवायचं नव्हतं. मला वाटत होतं तिने रागवावं, एप्रनच्या टोकाने मारावं, लहानपणी पाटी फोडली म्हणून मारलं होतं तसं. तिने शेवटचा शर्ट हँगरवर लावला, इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, नळाखाली हात धुतले, एप्रन काढून घडी घातली. मग डोक्याचं फडकं नीट केलं आणि जमिनीवर, भिंतीला टेकून, पाय एका बाजूला घेऊन बसली. मला कळलं की ती आता ज्यासाठी आली ते सांगणार, आणि मीही स्टुलावरून उतरून तिच्यासमोर खाली बसलो. असलं बोलणं स्टुलावर बसून ऐकत नाहीत. फोनवर तर सांगतच नाहीत. म्हणून ती आली होती. ज्याला बोलवायचं असतं त्याच्या दारात जाऊन, बसून, हात जुळवून सांगावं लागतं.

"मोखादीच्या लेका," ती म्हणाली, "मला घरच्यांनी पाठवलंय. तुझ्या आईच्या कबरीचा दगड तयार झालाय. शनिवारी सकाळी सात वाजता तो उघडायचाय. दगडावर तिचं ब्लँकेट घालायचं आणि ते तिच्या थोरल्याने ओढायचं. थोरला तू. मी निरोप आणलाय, मी तो दिला." हे सगळं तिने एका दमात, पाठ केल्यासारखं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ब्लँकेट तुझ्याकडे आहे ना? मी उद्याच्या बसने पुढे जाते. ते माझ्याबरोबर दे, धुऊन वाळवायला हवं."

ते कपाटाच्या वर होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, आठ महिने न उघडलेलं. तांबडं, पिवळ्या पट्ट्याचं. मातीनंतर वडीलधाऱ्यांनी ते माझ्या खांद्यावर घातलं होतं. मी काढून दिलं. तिने पिशवीत नाक घालून वास घेतला आणि डोळे मिटले. मी म्हणालो, "मी येतो शनिवारी." शनिवारी आमच्या नव्या इमारतीचा पाहुण्यांसाठी कार्यक्रम होता, डेलीनने तीन महिन्यांपूर्वी तारीख ठरवलेली, आणि हे बोलताना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"ये जमलं तर," मोलाटेलो म्हणाली. "आपल्याकडे कोडबिड लागत नाही."

साडेचारला आम्ही खाली उतरलो. ब्लँकेटची पिशवी मी घेतली होती, ती तिने लिफ्टमध्ये माझ्याकडून काढून घेतली. मागचं गेट मी आठ महिन्यांत कधी पाहिलेलं नव्हतं. कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे एक अरुंद बोळ, टोकाला माणसाच्या उंचीचं लोखंडी फिरतं दार, एका वेळी एकच जण जाईल असं. त्या दिवशी बिलाची पाळी तिथं होती. कामाच्या बायका आपापल्या पिशव्या उघडून त्याला दाखवत होत्या आणि एकेक करून बाहेर पडत होत्या. मोलाटेलोने तिची पिशवी न सांगता उघडली.

"हे घरातलं आहे," बिला म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, ब्लँकेटकडे पाहत होता. "सर, गेटपास लागेल." त्याने छापील वही पुढे केली. वस्तू काय, फ्लॅट कुठला, नेणारी कोण.

"लिही," मोलाटेलो मला हळूच म्हणाली, आमच्या भाषेत. "जुनं ब्लँकेट, कामवालीला दिलं. लिही आणि जा, तुझं काम खोळंबलंय." मागे तीन बायका ताटकळत होत्या. ती माझी बाजू सांभाळत होती. मंगळवारी मी जे बोललो त्याला गुरुवारी बाध येऊ नये, वॉचमनसमोर मी उघडा पडू नये, एवढ्यासाठी ती स्वतःला त्या रकान्यात बसवायला तयार होती. मी लिहिलं, ब्लँकेट एक. मी लिहिलं, चौदाशे सात. मग मी पेन खाली ठेवलं आणि बिलाला म्हणालो, "ही माझी आई आहे." इंग्रजीत नाही, पेडीत म्हणालो. पस्तीस वर्षांच्या माणसाचा आवाज असा चिरकावा याची मला गंमत वाटली.

"तुमची आई वारली ना?" बिला म्हणाला.

"वारली," मोलाटेलो म्हणाली. "ती थोरली."

बिलाने वही आपल्याकडे ओढून घेतली. "मला मंगळवारीच कळलं होतं, सर," तो म्हणाला. "आमच्या त्सोंगा लोकांतही तसंच आहे. मला चार आया होत्या, दोन राहिल्यात. त्या दिवशी या चर्चचे कपडे घालून आल्या होत्या. मी खुर्ची दिली. म्हणाल्या, तो दुपारी जेवायला घरी येतो, मी थांबते. दोन वाजेपर्यंत बसल्या. मी काय करणार? तुम्ही इंग्रजीत बोललात." त्याने उरलेला रकाना स्वतःच भरला. "आणि आता आई म्हणून बाहेर सोडताही येत नाही. आत कामवाली म्हणून आल्यात, यंत्रात तसंच आहे. तशाच बाहेर काढाव्या लागतील. इथं बोट लावा, म्मा."

"लावते बाबा," ती म्हणाली. तिने बोट लावलं, पिशवी पोटाशी धरली आणि फिरत्या दारातून पलीकडे गेली. मीही मागोमाग जायला निघालो आणि अंगठा ठेवला. दार हललं नाही. पुन्हा ठेवला. "रहिवाशांचा इथं चालत नाही, सर," बिला म्हणाला. "तुम्हाला पुढून जावं लागेल." "म्मा, तिथंच थांब, मी आलो," मी गजांमधून ओरडलो, पण रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता आणि ती पाठमोरी चालायला लागली होती.

मी धावलो. बोळातून मागे, डब्यांवरून, लॉबीतून, पुढच्या दारात अंगठा लावून रस्त्यावर, आणि मग साऱ्या इमारतीला वळसा घालून. इमारत केवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी ती विकतो. बूट वाजत होते, टाय खांद्यावर उडाला होता, ओळखीच्या कुणीतरी "मातोमे, काय झालं?" असं विचारलं. मनात एकच गोष्ट होती, तिच्या हातातली पिशवी घ्यायची आणि तिच्याबरोबर अलेक्झांड्रापर्यंत चालत जायचं. मग शनिवार. डेलीनला काय सांगायचं ते नंतर पाहता येईल. नाही, आत्ताच ठरलंय, खरं सांगायचं, सगळंच. मागच्या रस्त्याला पोचलो तेव्हा मला वाटतं सहा मिनिटं झाली होती.

कोपऱ्यावर शेअर टॅक्सीसाठी बायका रांगेत उभ्या होत्या, दिवसभराचं काम आटोपलेल्या, सगळ्यांच्या डोक्यांना फडकी, सगळ्यांच्या हातांत पिशव्या, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. रांगेच्या पुढच्या टोकाशी टॅक्सी येऊन थांबत होती आणि तिथं निळा झगा होता. या रस्त्यावर मी आमच्या भाषेत कधी मोठ्याने बोललेलो नाही. मी थांबलो, दम घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली.

"म्मा!"

रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या. सात-आठ चेहरे, दमलेले, काळजीने माझ्याकडे पाहणारे. "काय रे बाळा?" एकजण म्हणालीसुद्धा. निळा झगा तेवढा वळला नाही. पिशवी सांभाळत, वाकून, ती टॅक्सीत चढली. तिला ऐकू आलं नाही असं नाही. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. कुणा दुसरीचा मुलगा आपल्या आईला हाक मारतोय, असंच तिला वाटलं असणार.